कळ दाबली, अक्षर कुठे अडलं?

जुलै महिना, बाहेर धो-धो पाऊस. मालवणातल्या एखाद्या दुकानात सकाळी संगणक सुरू होतो आणि पासवर्डाचा खाना समोर येतो. रोजचाच पासवर्ड, बोटांना पाठ झालेला. टाकला, तर म्हणे चुकीचा. कॅप्स लॉक बघितला, तो बंदच आहे. पुन्हा एकेक अक्षर बघून टाकला, तरी चुकीचाच. मग घरातलं कोणीतरी निकाल देतं, "कीबोर्ड गेला." दुसरं कोणी म्हणतं, "व्हायरस असतलो." आणि नव्या कीबोर्डासाठी बाजारात माणूस धाडला जातो.

कीबोर्ड खरंच गेला असेलही. आपल्या किनाऱ्याची हवा त्या बाबतीत बदनाम आहेच. पण वरच्या प्रसंगात नवा कीबोर्ड आणूनही पासवर्ड चुकीचाच ठरण्याची शक्यता मोठी. का, ते कळायला बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंतची वाट माहीत हवी. संगणकावर लिनक्स असेल तर ही वाट जवळपास प्रत्येक टप्प्यावर उघडून बघता येते, आणि त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

लिनक्स आता फक्त हौशी मंडळींचं राहिलेलं नाही. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी ई-कोर्ट प्रकल्पाने उबंटू लिनक्सच निवडली आणि न्यायाधीशांना व कर्मचाऱ्यांना तिचं प्रशिक्षण दिलं. विंडोजची नवी आवृत्ती ज्यांना पेलत नाही असे कितीतरी जुने लॅपटॉप लिनक्सवर अजून मजेत चालतात. अशा जुन्या यंत्रांतच कीबोर्ड-माऊसच्या तक्रारी जास्त.

पाट कुठे फुटला?

माडाच्या बागेत शिंपण चालू असताना शेवटच्या आळ्यात पाणी आलं नाही, तर आपण ते आळं खणत बसत नाही. पाटाच्या कडेने वर चालत जातो. इथपर्यंत ओल आहे, इथे नाही, म्हणजे बांध याच्या मधे कुठेतरी फुटलाय. कीबोर्डाचं निदान याच रीतीने करायचं. बटण, त्याखालची पट्टी, केबल, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्यावरची पडदा सांभाळणारी यंत्रणा, भाषेचा लेआउट आणि शेवटी तुम्ही ज्यात लिहिताय तो प्रोग्राम, अशी ही वाट आहे. संदेश कुठवर पोचतो तेवढं शोधायचं. बहुतेक माणसं मात्र थेट शेवटच्या आळ्याशी भांडतात, म्हणजे प्रोग्राम काढून पुन्हा टाकतात.

बटणाखाली मीठ

साध्या कीबोर्डात शंभराच्या वर बटणं असतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र तार नसते. तारांच्या आडव्या आणि उभ्या ओळींची जाळी असते आणि प्रत्येक बटण एका आडव्या-उभ्या छेदावर बसतं. आतली चिप सेकंदाला शेकडो वेळा ही जाळी तपासते. कुठली आडवी ओळ कुठल्या उभीला चिकटली यावरून तिला बटण कळतं. स्वस्त कीबोर्डात ही जाळी प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांवर वीजवाहक शाईने छापलेली असते. दोन छापील पडद्यांच्या मधे भोकं असलेला तिसरा पडदा असतो. बटण दाबलं की वरचा पडदा भोकातून खालच्याला टेकतो.

आता यात समुद्र आणा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरची हवा त्याहून दमट असते. किनाऱ्यालगतच्या घरांत वाऱ्याबरोबर येऊन बसलेली खारट धूळ कीबोर्डात शिरते आणि पावसाळ्यात तिचं खारं पाणी होतं. ते वीज वाहून नेतं, म्हणून नको तिथे संपर्क जुळतो आणि न दाबलेली अक्षरं उमटतात. तेच पाणी छापील रेषा हळूहळू खातं आणि हव्या तिथला संपर्क तुटतो. दोन उलट तक्रारींचं मूळ एकच.

जाळी कशी असते हे कळलं की एक खूण हाती लागते. एकच बटण बंद असेल तर त्याच्याखाली कचरा आहे किंवा त्याची रबरी टोपी बसली आहे. चार-पाच बटणं एकदम गेली आणि बाकीची ठणठणीत असतील तर जाळीची एक अख्खी रेषा तुटली आहे, आणि त्यावर कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. सगळीच बटणं काम करताहेत पण भलतीच अक्षरं येताहेत, तर कीबोर्ड निर्दोष आहे.

सोलकढी सांडली तर? मीठ, आगळाचं आम्ल आणि नारळाचं तेल, तिन्ही एकदम आत. वेगळा यूएसबी कीबोर्ड असेल तर लगेच काढून उपडा करा, शक्य असेल तर खोलून प्लॅस्टिकचे पडदे स्वच्छ पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय जोडू नका. लॅपटॉप असेल तर आधी बंद करा, चार्जर काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. चालू ठेवून पुसत बसलात की गंज वेगाने वाढतो. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय व्हॉट्सॲपवर फार लोकप्रिय आहे. तांदूळ सांडलेलं मीठ शोषत नाही, वर त्याची पूड मात्र आत जाते.

कॅप्स लॉकचा दिवा काय सांगतो

सगळ्यात सोपी चाचणी फुकट आहे आणि तिच्यासाठी लिनक्स येण्याचीही गरज नाही. कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा बघा. हा दिवा कीबोर्ड स्वतः लावतो असं वाटतं, पण सहसा तसं नसतं. बटण दाबल्याचा निरोप संगणकाकडे जातो आणि संगणक उलट आज्ञा देतो, ‘दिवा लाव’. म्हणजे दिवा लागला-विझला तर निरोप वर जाऊन परत आला. केबल, पोर्ट, कर्नल आणि पडदा सांभाळणारी यंत्रणा, सगळी जागी आहेत. अडचण त्याच्याही वर, लेआउटमध्ये किंवा प्रोग्रामात.

दिवा हलत नसेल तर केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा. तरीही नाही, तर संगणक पुन्हा सुरू करताना बायोसचा निळा-काळा मेनू उघडा. तिथे लिनक्स अजून आलेलीच नसते. तिथे बाणांची बटणं चालली तर कीबोर्ड धडधाकट आहे आणि दोष लिनक्सच्या बाजूला. तिथेही मुका असेल तर दुकानात जायला हरकत नाही.

मधला एक प्रसंग नेहमीचा आहे: पडदा गोठलाय, माऊस हलत नाही, दिवाही लागत नाही. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएनही लागतं). काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ आली तर कर्नल आणि कीबोर्ड दोन्ही नीट आहेत, फक्त वरचा चित्रमय भाग अडकला आहे. तिथून लॉगिन करून संगणक सभ्यपणे बंद करता येतो, थेट वीज तोडावी लागत नाही. परतीची वाट कंट्रोल-ऑल्ट आणि एफ-१ किंवा एफ-२.

कर्नल जे ऐकतो ते डोळ्यांनी बघा

युनिक्सची १९६९ पासूनची रीत अशी की उपकरणसुद्धा फाइलसारखं वाचता यावं. लिनक्समध्ये कीबोर्ड, माऊस, टचपॅड अशा प्रत्येकाची एक फाइल असते आणि त्यात घडेल ती हालचाल क्षणाक्षणाला येत राहते. ती वाचणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ई-व्ही-टेस्ट. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अर्थात हे नाव रोमन छोट्या अक्षरांत, सलग. तो प्रशासकाच्या अधिकाराने, म्हणजे पुढे सुडो लावून, चालवायचा. उपकरणांची यादी येते, कीबोर्डाचा क्रमांक द्यायचा आणि एक बटण दाबायचं.

दिसतं ते मोठं बोलकं असतं. इंग्रजी एनचं बटण दाबलं की ४९ हा क्रमांक आणि त्यापुढे १, सोडलं की पुन्हा ४९ आणि त्यापुढे ०. दाबून धरलं तर मधे २ येत राहतात. अक्षर कुठेच नाही. ते पुढे ठरतं.

या १ आणि ० च्या जोडीत निम्मी कोडी सुटतात. १ आला आणि ० आलाच नाही, तर संगणकाच्या लेखी बटण अजून दाबलेलंच आहे आणि तो ‘लललललल’ लिहीत सुटतो. हे अक्षराच्या बाबतीत लगेच कळतं. कंट्रोलच्या बाबतीत कळत नाही. माऊसचं चाक फिरवलं की पान सरकायच्या ऐवजी मोठं-लहान होतं, डब्ल्यू दाबला की खिडकीच बंद होते, आणि माणूस म्हणतो संगणक वेडा झालाय. त्याचा शहाणपणा जागेवर असतो, कंट्रोलचा शून्य तेवढा हरवलेला असतो. दोन्ही बाजूंची कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट एकेकदा दाबून सोडा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. वारंवार घडत असेल तर बटण अडकतंय किंवा बिनतारी कीबोर्डाचे निरोप वाटेत गळताहेत. एका दाबण्यात १-०-१-० अशा दोन जोड्या आल्या तर संपर्क थरथरतोय, म्हणजे दोष हार्डवेअरचा.

आणि ई-व्ही-टेस्टवर काहीच उमटलं नाही, तर निरोप कर्नलपर्यंत आलेलाच नाही. केबल काढून पुन्हा जोडताना डीमेस्ग नावाच्या आज्ञेत (डी-एम-ई-एस-जी) नवं उपकरण आल्याची ओळ दिसते का ते बघा. ती दिसत नसेल तर केबल, पोर्ट किंवा कीबोर्डातली चिप.

एक सूचना. या प्रोग्रामात दाबलेलं प्रत्येक बटण दिसतं, पासवर्डसुद्धा. तपासणी झाली की तो बंद करा, आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकण्यापूर्वी त्यात काय टाइप केलं होतं ते आठवा.

४९ चा ‘ल’ कोण करतो?

आता पासवर्डाच्या कोड्याकडे. कर्नलला मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही. त्याला फक्त जागा ठाऊक. ४९ क्रमांकाचं बटण इंग्रजी लेआउटमध्ये एन आहे. इनस्क्रिप्टमध्ये तेच ‘ल’ आणि शिफ्टसह ‘ळ’. हा अनुवाद कर्नलच्या वर, लेआउटच्या तक्त्यात होतो. इनस्क्रिप्ट हा लेआउट केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरवला आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तो आला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि बहुतेक भारतीय लिप्यांना एकच मांडणी. तो प्रमाण लेआउट असल्यामुळे लिनक्समध्ये वेगळा उतरवून घ्यावा लागत नाही.

समजा पासवर्ड मालवणचं रोमन स्पेलिंग आहे, एम-ए-एल-व्ही-ए-एन. (असा पासवर्ड ठेवू नका, तो शेजाऱ्यालाही सुचेल.) रात्री मराठीत पत्र लिहून संगणक तसाच बंद केला आणि सकाळी लॉगिनच्या पडद्यावर लेआउट मराठीच राहिला, तर तीच सहा बटणं ‘सोतनोल’ लिहितात. पासवर्डाच्या खान्यात मात्र दिसतात सहा टिंबं. एम-ए-एल-व्ही-ए-एनची सहा, सोतनोलचीही सहा. माणसाला फरक दिसत नाही आणि संगणकाला तो स्पष्ट दिसतो. म्हणून नवा कीबोर्ड आणून काही होत नाही.

लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात दोन अक्षरांची भाषेची खूण असते, तिथून इंग्रजी निवडा. ग्नोम डेस्कटॉपवर सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाचं बटण आणि स्पेस दाबलं तरी लेआउट बदलतो. पासवर्डाच्या खान्यात डोळ्याचं चिन्ह असेल तर त्यावर टिचकी मारून एकदा खरं काय उमटतंय ते बघाच. टर्मिनलवर आज्ञा देताना, किंवा काही प्रोग्रामांत कंट्रोल-सी चालेनासा झाल्यावरही पहिला संशय याच खुणेवर घ्यायचा.

सरकारी टंकलेखन परीक्षेसाठी रेमिंग्टन शिकलेल्यांचा गोंधळ आणखी वेगळा. त्यांची बोटं टाइपरायटरच्या जागा शोधतात आणि पडद्यावर इनस्क्रिप्ट उमटतं. हीसुद्धा लेआउटच्या यादीतली निवड आहे, बिघाड नव्हे. अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसत असतील तर तो विषय फॉन्टचा, कीबोर्डाचा संबंध नाही.

बिघाड नसलेले बिघाड

काही ‘बिघाड’ मुद्दाम ठेवलेल्या सोयी असतात. शिफ्ट सुमारे आठ सेकंद दाबून धरली की ‘स्लो कीज’ सुरू होऊ शकतं. हात थरथरणाऱ्यांसाठी ही सोय आहे: बटण थोडा वेळ धरून ठेवलं तरच ते मोजलं जातं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला कीबोर्ड मेल्यासारखाच वाटतो. शिफ्ट पाच वेळा दाबली तर ‘स्टिकी कीज’. दोन्ही ‘सुगम्यता’ किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सेटिंगमध्ये बंद करता येतात. ई-व्ही-टेस्टमध्ये सगळं व्यवस्थित आणि पडद्यावर काहीच नाही, अशी जोडी दिसली की आधी इथे यावं.

छोट्या जुन्या लॅपटॉपवर नम लॉक चुकून लागला तर उजव्या हाताची काही अक्षरं आकडे होतात. कुडाळ रोमनमध्ये लिहायला गेलात तर के आणि यूच्या जागी २ आणि ४ येतात आणि एलच्या जागी ३.

टाइप करताना टचपॅड चालत नाही ही तक्रार वारंवार येते. लिनक्समध्ये टचपॅड-माऊस सांभाळणारा लिबइनपुट नावाचा भाग आहे. टाइप करताना तळहात लागून कर्सर उडू नये म्हणून तो टचपॅड क्षणभर झोपवतो. नको असेल तर बहुतेक डेस्कटॉपवर ही सोय बंद करता येते. खेळ खेळणाऱ्या मुलांना तेच हवं असतं.

आणखी एक बदल गेल्या काही वर्षांतला. १९८७ पासूनच्या एक्स-११ या जुन्या पडदा-यंत्रणेत कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीतली बटणं ऐकू शकत असे. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ते दार बंद केलं. सुरक्षेसाठी हे योग्यच झालं, पण दुरून संगणक चालवणारी किंवा आपोआप टाइप करणारी काही जुनी साधनं त्यामुळे बंद पडली. ऑक्टोबर २०२५ च्या उबंटू २५.१० पासून ग्नोमचं एक्सवरचं सत्रच काढून टाकलं आहे. असं एखादं साधन नव्या आवृत्तीत बंद पडलं असेल तर कीबोर्ड बदलून काही साधणार नाही.

माऊस आणि जांभा

लाल दिव्याच्या माऊसखाली एक बारीक कॅमेरा असतो. तो टेबलाचे सेकंदाला हजाराच्या वर फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून माऊस कुठे सरकला ते ठरवतो. काचेवर त्याला बघण्यासारखं काही नसतं, चकचकीत ग्रॅनाइटवर प्रकाश परतून डोळे दिपतात. खाली साधा कागद ठेवा. भोकात अडकलेला एक केसही बाण थरथरायला पुरतो. एका टिचकीत दोन होत असतील तर बटणाखालचा छोटा स्विच झिजलाय. लिबइनपुट अशा थरथरीतली बरीच गाळतो, तरी मुळात तो माऊस निवृत्तीला आलेला असतो.

बिनतारी माऊस अडखळत असेल तर त्याचा डोंगल कुठे लावलाय ते बघा. हा माऊस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि यूएसबी-३ ची हार्ड डिस्क चालू असताना त्याच पट्ट्यात गोंगाट करते. डोंगल तिच्यापासून दूरच्या पोर्टात किंवा छोट्या जोडकेबलवर लावला की माऊस सुधारतो. थोडा वेळ न वापरल्यावर माऊस झोपून जात असेल तर वीज वाचवणारं एखादं साधन यूएसबी पोर्ट बंद करतंय.

टचपॅडचा एक आजार मात्र भिंतीतून येतो. चार्जर लावला की बाण स्वतःहून उड्या मारतो, काढला की शांत. टचपॅड बोटामुळे होणारा अगदी सूक्ष्म विद्युत बदल मोजतो. चार्जरचा गोंगाट जमिनीत उतरला नाही तर तो त्यातच मिसळतो. आपल्याकडे घरं जांभ्याच्या कातळावर, आणि एप्रिल-मेमध्ये हा कातळ कोरडा ठणठणीत झाला की अर्थिंग कमजोर पडतं. कोळसा-मीठ घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायची जुनी पद्धत आहे, ती याचसाठी. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर टचपॅडचं नंतर बघा, आधी वायरमनला बोलवा.

चौकट : कशावरून काय ओळखावं
दिवा हलत नाही, बायोसमध्येही मुका: कीबोर्ड, केबल किंवा पोर्ट.
बायोसमध्ये चालतो, लिनक्समध्ये नाही: कर्नल किंवा त्यावरचा भाग. पेन ड्राइव्हवरून दुसरी लिनक्स चालवून बघा.
ई-व्ही-टेस्टमध्ये नीट, पडद्यावर चूक: लेआउट किंवा सुगम्यतेची सेटिंग.
नव्या यूजर खात्यात नीट, तुमच्या खात्यात नाही: तुमच्याच सेटिंग.
फक्त एकाच प्रोग्रामात अडचण: तो प्रोग्राम. आभासी यंत्राने (संगणकाच्या आत चालवलेल्या दुसऱ्या संगणकाने) माऊस धरून ठेवला असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवा कंट्रोल दाबा.
चार्जर लावल्यावरच त्रास: अर्थिंग.

मदत मागताना

वेगळा कीबोर्ड काही शे रुपयांत मिळतो, म्हणून जाळीची रेषा तुटलेला कीबोर्ड उघडून जोडत बसण्यात माझ्या मते अर्थ नाही. लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डाचं तसं नाही. तो बदलायला यंत्र खोलावं लागतं, खर्चही वाढतो, आणि तो खोलण्यापूर्वी दोष नक्की हार्डवेअरचाच आहे याची खात्री तुम्ही स्वतः करून घ्यावी. खारी हवा असलेल्या घरात एक साधा तारेचा यूएसबी कीबोर्ड पिशवीत बांधून बाजूला ठेवलेला बरा. तो जोडून बघितलं की निम्मं निदान होतं. लिनक्सची तोंडओळख मराठीतून हवी असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे मोफत आहेत.

आणि दुरुस्तीवाल्याला किंवा पुण्या-मुंबईतल्या भाच्याला फोन कराल तेव्हा "कीबोर्ड चालत नाही" एवढंच सांगू नका. कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, बायोसमध्ये बटणं चालतात का, ई-व्ही-टेस्टमध्ये १ नंतर ० येतो का आणि कोपऱ्यात कुठल्या भाषेची खूण आहे, एवढं सांगा. पार्ट मागवायचा की सेटिंग बदलायची, हे त्याला फोनवरच सांगता येईल.